धोकटी जमवताना वस्तरा शेवटी घ्या

मे महिन्यात जळगावला सकाळी सातलाच भिंती तापलेल्या असतात. पंखा पाचवर ठेवून आरशासमोर उभं राहिलं, की डाव्या गालाचा फेस उजवा गाल माखून होईपर्यंत वाळून पापुद्रा होतो. अशाच एका पापुद्र्यावरून मी पहिल्यांदा उघडा वस्तरा ओढला आणि जबड्याच्या कडेला चांगली इंचभर रेघ पडली. वस्तरा सोलिंगनचा होता, दोन महिने पैसे साठवून मागवलेला. त्याला बोल लावण्यात अर्थ नव्हता. बोअरच्या पाण्यात फेस धरत नव्हता, डोक्यावर पंखा गरगरत होता आणि त्याआधी मी जन्मात एकदाही चामड्यावर पातं फिरवलेलं नव्हतं.

म्हणून वस्तऱ्याकडे नव्याने वळणाऱ्यांना मी खरेदीचा क्रम उलटा सांगतो. सगळे आधी वस्तरा घेतात आणि मग बाकीच्या सामानामागे लागतात. तुम्ही पाणी, साबण, ब्रश आणि तुरटीपासून सुरुवात करा. मग ब्लेड बदलायचा वस्तरा, मग धार परजायचा चामडी पट्टा, आणि अखंड पात्याचा खरा वस्तरा त्यानंतर. धारेचे दगड तर पहिलं वर्षभर घेऊच नका. न्हाव्याच्या सामानाच्या पिशवीला आपल्याकडे धोकटी म्हणतात. ती एका दिवसात भरायची नसते.

एक गोष्ट आधीच. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, किंवा गालावर पिकलेली मुरुमं असतील, तर हा नाद सध्या नको. डॉक्टरांना विचारा आणि मगच पुढे वाचा.

पाणी, साबण, ब्रश

खानदेशात साबणाच्या आधी पाण्याचा विचार करावा लागतो. आपल्याकडचं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. तोटीवर पांढरा थर साचतो, गिझरच्या कॉइलवर खपली धरते, तूरडाळ शिट्ट्यांवर शिट्ट्या घेऊनही दाताखाली येते. या पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरतं आणि त्याचा न विरघळणारा चिकट साका होतो. फेस वाटीतच बसतो, कडेला राखाडी कड तेवढी उरते. साबणाची कंपनी बदलून यात काही फरक पडत नाही. तांब्याभर आरओचं किंवा जारचं पाणी फेसापुरतं वेगळं काढून ठेवा, तोंड धुवायला बोअरचं चालतं. पावसाळ्यात पत्र्यावरची पहिली सर वाहून जाऊ द्या, नंतरचं पाणी बादलीत धरा आणि त्यात एकदा फेस करून बघा. फेस कसा असायला हवा हे त्या दिवशी कळेल.

साबण महागडा नको. किराणा दुकानात मिळणारी ट्यूबमधली क्रीम चालते, गोदरेजची गोल वडी चालते, ऑनलाइन मागवणार असाल तर तुर्कस्तानची आर्को नावाची कांडी स्वस्तात मस्त. अंगाचा साबण मात्र नको. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्लाचं प्रमाण जास्त असतं आणि बरेचदा सोड्याऐवजी पोटॅशचा क्षार वापरलेला असतो, त्यामुळे फेस दाट येतो आणि टिकतो. अंगाच्या साबणाचा फेस मोठ्या बुडबुड्यांचा, वस्तऱ्याखाली आधार न देणारा. (अमळनेरला १९४५ साली वनस्पती तुपाचा जो कारखाना निघाला, त्यातूनच पुढे विप्रो उभी राहिली, आणि तिथे कपडे धुण्याचा साबणही व्हायचा. तेव्हापासून साबणातलं आपल्याला जास्त कळतं, असा आम्हा अमळनेरकरांचा समज आहे.)

ब्रश सिंथेटिक केसांचा घ्या. डुकराच्या केसांचा चांगला असतो, पण तो आधी दोन-तीन मिनिटं पाण्यात भिजवावा लागतो आणि पहिले काही आठवडे त्याला वास येतो. सिंथेटिक नुसता बुडवून झटकला की तयार. तीन-चारशे रुपयांत मिळतो तो पुरेसा.

फेस करायला स्टीलची खोलगट वाटी घ्या. बदामाएवढी क्रीम, ओला पण न टपकणारा ब्रश, आणि मिनिटभर गोल घोटणं. कोरडं वाटलं तर बोटांनी दोन थेंब पाणी झटकायचं. पाणी घालण्याचा कंटाळा केला की फेस दिसायला उंच होतो पण आतून कोरडा राहतो, आणि वस्तरा तिथेच अडतो. पातळसर श्रीखंडासारखा, चकाकणारा, बोटाने पुसला तर खाली त्वचेवर बुळबुळीतपणा ठेवणारा फेस बरोबर. उन्हाळ्यात पंखा बंद करा. ते शक्यच नसेल तर एका वेळी एकच गाल माखा.

तुरटी कुठल्याही किराणा दुकानात खड्याने मिळते. ओबडधोबड खड्याचे कोपरे टोचतात, म्हणून आधी ओल्या फरशीवर घासून एक बाजू गुळगुळीत करून घ्या. दाढी झाल्यावर गार पाण्याने तोंड धुऊन ओल्या गालावर ती फिरवायची. किरकोळ रक्त तर थांबतंच, पण तुरटीचा खरा उपयोग वेगळा आहे. जिथे चुरचुरली तिथे तुम्ही आज हात दाबला होता. पहिले दोन महिने रोज हा निकाल वाचत चला.

ब्लेडचा वस्तरा

सलूनमध्ये जो दिसतो तो. एचआयव्ही आणि बी-सी प्रकारची कावीळ रक्तातून पसरते हे लोकांना कळल्यावर सलूनमधून जुने अखंड वस्तरे हळूहळू गेले आणि दर गिऱ्हाइकाला नवं अर्धं ब्लेड टाकायचे आले. साधारण दोनशे ते पाचशे रुपयांत चांगला मिळतो. घेताना एवढंच बघा, की ब्लेड बसवल्यावर ते हलत नाही आणि दोन्ही टोकांना सारखं बाहेर येतं. दुधारी ब्लेड कागदासकट लांबीत दुमडून कट्‌कन मोडलं की दोन अर्धी होतात.

अखंड वस्तऱ्यापेक्षा हा सोपा, असं बरेच जण समजतात. तसं नाही. ब्लेड फार तीक्ष्ण, वजन हलकं आणि कोपरे टोकदार, त्यामुळे चूक झाली की हा लगेच वसूल करतो. तरी सुरुवात यानेच करायची, कारण यात धार नेहमी तयार असते. दाढी बिघडली तर हात चुकला की धार गेली, हा प्रश्नच पडत नाही.

आधी तीन दिवस दाढी वाढू द्या आणि कोरड्या गालावरून बोटं फिरवून केस कुठल्या दिशेने उगवलेत ते बघा. गालावर बहुधा वरून खाली, पण गळ्यावर भोवरे असतात, कुठे आडवे तर कुठे खालून वर. मोबाइलमध्ये फोटो काढून त्यावर बाण मारून ठेवलेत तर उत्तम.

मग आंघोळ करून या, म्हणजे खुंट मऊ होतात. फेस लावा. मोकळ्या हाताच्या बोटांनी कानाजवळची कातडी वर ताणून धरा आणि पातं साधारण ३० अंशांत गालाला टेका. अंश मोजायला कोणी कंपास घेऊन बसत नाही. पातं आधी गालावर सपाट ठेवा आणि पाठ, म्हणजे धारेच्या विरुद्ध बाजूची जाड कड, जरा उचला, पाठीच्या जाडीच्या दुपटीएवढी फट पडली की झालं. ओढ छोटी, इंचभराची. दाब नाही. आवाज ऐका: खुंट कापले जाताना बारीक करकर येते. आवाज नसेल तर पाठ फार खाली आहे, खरवडल्यासारखं वाटलं तर फार वर.

पहिला आठवडा फक्त दोन्ही गाल, बाकी तुमच्या नेहमीच्या रेझरने. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जबड्याखाली उतरा. हनुवटी आणि वरचा ओठ सगळ्यात शेवटी, तिथे वळण जास्त आणि कातडी ताणायला जागा कमी. केसांच्या दिशेनेच करा. उलट्या दिशेचा हट्ट दोन महिन्यांनी.

आणि तीन गोष्टी कधीच नाही. पातं धारेच्या रेषेत आडवं सरकवू नका, कातडी अशीच चिरते. हातातून निसटलं तर झेलायला जाऊ नका, पडू द्या, पाय मागे घ्या. आणि लाईट गेली तर अंदाजाने पुढे ओढू नका. वस्तरा मिटून ठेवायचा, तोंड धुऊन बाहेर यायचं. आमच्याकडे अर्ध्या दाढीने मी ऑफिस गाठलेलं आहे.

पट्टा

अखंड वस्तऱ्याची धार दर दाढीआधी चामड्यावर परजावी लागते. पट्ट्याने धार लागत नाही. लागलेल्या धारेची वाकलेली कड सरळ होते आणि ती पुसली जाते. पट्टा वस्तऱ्याच्या आधी घ्या म्हणतो ते यासाठी, की हाताला वळण लागेपर्यंत तुम्ही त्यावर दोन-तीन काप पाडणारच. पहिला पट्टा म्हणूनच स्वस्तातला.

अडीच ते तीन इंच रुंद, दीड-दोन फूट लांब, एका बाजूला कापड आणि एका बाजूला चामडं, असा पट्टा ऑनलाइन मिळतो. चामड्याचं काम करणारा माणूस ओळखीचा असेल तर त्याच्याकडून म्हशीच्या चामड्याची सरळ पट्टी कापून घ्या, शिलाई नको, नक्षी नको. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जाणार असाल तर घोड्याच्या साजाच्या दुकानांत चामडं हाताळून बघा. चामडं पारखणं म्हणजे काय, ते तिथे बोटांना कळतं. माझा सध्याचा पट्टा तिथूनच आला आहे.

परजायला मला आमच्या गल्लीतल्या सलूनवाल्या नानांनी शिकवलं. आता त्यांच्याकडेही ब्लेडच चालतं, पण उमेदीची वर्षं अखंड वस्तऱ्यावर गेलेली. त्यांनी पट्टा खुर्चीच्या दांडीला अडकवला, दुसरं टोक डाव्या मुठीत ताणून धरलं आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "पट्टा ढिला धरा, का धार मरनी समज." ढिल्या पट्ट्यात झोळ पडतो आणि त्या झोळावर धार गोल होते. मग पातं सपाट टेकवलं, पाठ आणि धार दोन्ही चामड्याला लागून, आणि पाठ पुढे, धार मागे असं वर नेलं. शेवटाला पातं उचललं नाही. दोन बोटांत वस्तऱ्याची शेपटी फिरली, पात्याने पाठीवर कूस बदलली आणि ते परत खाली आलं. खप्प, खप्प, एका लयीत. मी घाईने करायला गेलो तेव्हा कूस बदलताना धार चामड्यात रुतली आणि पट्ट्यावर नखाएवढी फाक पडली. नाना हसले नाहीत. ती फाक बारीक सँडपेपरने घासून दिली आणि परत पट्टा माझ्या हातात दिला.

घरी सरावाला लोण्याची बोथट सुरी घ्या. वेग शून्य ठेवा. कूस बदलायची ती पाठीवर, धारेवर नाही, एवढं हातात बसलं की झालं. खरा वस्तरा आल्यावर कापडावर २०-३० आणि चामड्यावर ५०-६० फेऱ्या पुरतात.

आता वस्तरा

दोन महिने ब्लेडच्या वस्तऱ्यावर काढलेत आणि तुरटी चुरचुरायची थांबली, म्हणजे वेळ आली.

पात्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागात मोजतात. पहिल्यासाठी ५/८ घ्या, म्हणजे साधारण १६ मिलिमीटर. त्याहून रुंद पातं नाकाखाली अडतं, अरुंद पातं फार लवकर फेसाने भरतं. टोक गोल असलेलं घ्या. चौकोनी टोक दिसायला रुबाबदार, पण कानाची पाळी त्याला फार आवडते. पात्याच्या दोन्ही बाजू खोल घासून पोकळ केलेल्या असतात. पूर्ण पोकळ पातं पातळ, लवचिक आणि बोलकं. अर्धं पोकळ थोडं जड आणि नवख्या हाताला जास्त माफ करणारं. माझं मत अर्ध्या पोकळाला.

पोलाद कार्बनचं की स्टेनलेस? कार्बनचं पातं पट्ट्यावर आणि दगडावर लवकर ऐकतं, पण गंजतं. आपल्याकडे आठ महिने हवा कोरडी असते, तेव्हा कार्बन चालून जातं. पावसाळ्याचं शेवटी सांगतो.

नवा चांगला वस्तरा म्हणजे जर्मनीतल्या सोलिंगनचे दोव्हो आणि ब्योकर, फ्रान्सच्या थिएर गावातले थिएर-इसार. किंमत बहुधा दहा हजारांच्या पुढे जाते. सोलिंगन हे नाव तिथल्या मालावरच छापता येतं, जर्मनीत तसा कायदाच आहे. पण शिक्का नकली मारणारे कायदा वाचत नाहीत, तेव्हा विकणारा भरवशाचा बघा. चिनी गोल्ड डॉलर स्वस्तात मिळतो आणि पोलाद वाईट नसतं, पण तो दगडावर बराच बसवावा लागतो. धार लावून देणारं कोणी असेल तरच घ्या. तीन-चारशेला नक्षीदार मुठीचे, "दमास्कस" म्हणून विकले जाणारे वस्तरे दिसतात त्यांच्या वाटेला जाऊ नका. असा एक मी नानांना दाखवला होता. त्यांनी अंगठ्याने जाडी बघितली आणि परत दिला. "हाऊ वस्तरा नही रे भो, कांदा कापानी सुरी शे हाई."

आजोबांच्या पेटीत जुना निघाला तर नशीबवान आहात. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात जुन्या घरांतून शेफिल्डचे वस्तरे अजून निघतात. शेफिल्डचं पोलाद उगाच नावाजलेलं नाही. तिथे १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समनने मुशीत पोलाद वितळवायची रीत बसवली, आणि त्या एकजीव पोलादाला बारीक धार धरू लागली. जुना वस्तरा तपासताना धारेवर गंजाचे खड्डे आहेत का बघा. पाठीवर असले तर चालतात, धारेवर नाही. पात्यावर नखाने टिचकी मारा. घंटीसारखा स्वच्छ नाद हवा, बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे. काचेवर आडवा ठेवून डुगडुगतो का ते बघा. मूठ जुन्या सेल्युलॉइडची असेल आणि तिला आंबूस वास येत असेल, तर ती कुजू लागली आहे आणि तिच्या वाफेने पातं गंजतं, मूठ बदलून घ्या. हस्तिदंती मुठीचा कोणी विकायला आणला तर हात जोडा. हस्तिदंताचा व्यापार आपल्याकडे गुन्हा आहे.

नवा असो की जुना, वस्तरा दाढीला तयार आहे का, हे विकणाऱ्याला स्पष्ट विचारा. कारखान्यातून आलेली धार बरेचदा गालाला पुरत नाही. पहिली धार जाणत्या माणसाकडून लावून घ्या, पाचेकशे रुपये गेले तरी जाऊ द्या. चांगली धार गालावर कशी लागते हे एकदा कळल्याशिवाय तुम्ही पुढे लावाल ती धार कशाशी ताडून बघणार?

आणि जाणता माणूस म्हणजे सायकलवर चाक फिरवत गल्लीतून जाणारा धारवाला नव्हे. हे मी शहाणपणाने नाही, एक वस्तरा घालवून सांगतो आहे. पट्टा शिकण्याआधीचा तो काळ, सोलिंगनचं पातं ओढायला लागलं म्हणून मी खाली जाऊन त्याच्या हातात दिलं. त्याची काही चूक नाही, विळे-कात्र्यांना जसं करतो तसंच त्याने केलं. ठिणग्या उडाल्या, दोन मिनिटांत पातं परत. धारेजवळ निळसर-जांभळी झाक आली होती. तो रंग म्हणजे पोलाद तापून त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरल्याची खूण. त्यानंतर ती धार दोन दिवससुद्धा टिकली नाही. नानांनी ते पातं उजेडात धरून बघितलं, काही न बोलता मिटलं आणि आपल्या खणात टाकलं. अजून तिथेच आहे.

दगड, वर्षभराने

वस्तऱ्याला धार लावणं सुरी-विळ्यापेक्षा एका अर्थी सोपं, कारण पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेल्या असतात. कोन पाठच ठरवते, तुम्ही फक्त सपाट ठेवायचं. दगडावर धार पुढे, पट्ट्यावर पाठ पुढे, हे उलटसुलट झालं की पट्टा कापला जातो. हाताचा भार नाही, वस्तऱ्याच्या स्वतःच्या वजनाने.

दगडाचा आकडा म्हणजे किंमत नव्हे, दाण्याचा नंबर: आकडा मोठा तितका दाणा बारीक. एक हजाराचा दगड धारेची बैठक, म्हणजे धारेलगतचा दोन्ही बाजूंचा उतार, बसवायला, मग चार हजार, आठ हजार आणि शेवटी बारा हजार. सगळे एकदम घेऊ नका. तयार धार सांभाळायला बारा हजाराचा एकटा पुरतो: वस्तरा गालावर ओढायला लागला की १०-१५ हलक्या फेऱ्या, मग पट्टा. त्यानेही भागलं नाही तरच खालचे दगड. दगड सपाट नसेल तर सगळी मेहनत वाया. त्यावर पेन्सिलीने चौकटी काढा आणि काचेवर ओला सँडपेपर ठेवून, सगळ्या रेघा पुसल्या जाईपर्यंत घासा.

धारेला काळा मार्कर लावून दगडावर एक फेरी मारा. शाई जिथे उरली तिथे धार दगडाला लागतच नाही. ही शाई नीट बघायला भिंग लागतं, आणि ते जळगावकरांना शोधावं लागत नाही. सराफांच्या हत्यारांच्या दुकानात दहा पट मोठं दाखवणारं भिंग मिळतं. तिथेच पॉलिशची हिरवी वडीही विकतात, पण ती सोनं चमकवायला बनवलेली असते, दाण्याचा आकार त्यावर लिहिलेला नसतो. धारेसाठी अर्ध्या मायक्रॉनचा क्रोमियम ऑक्साइड असं स्पष्ट लिहिलेलाच घ्या आणि तो वेगळ्या कापडावर लावा, रोजच्या चामड्यावर नाही.

ठेवायचा कसा

दाढी झाली की पातं धुवा, पाठीकडून धारेकडे पुसा, खिळ्याजवळचं पाणी कापडाच्या टोकाने टिपा. मग कापडावर चार फेऱ्या. मुठीत मिटण्याआधी तासभर उघडा राहू द्या, पोरांच्या हाताला लागणार नाही अशा उंच जागी. बाथरूममध्ये ठेवू नका. वस्तरा घरातला दुसरा कोणी वापरणार असेल तर त्याला दुसरा घेऊन द्या, भाऊ असला तरी.

मृग लागला की रोज रात्री शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पात्यावर बोटाने पसरायचा, सकाळी तो पुसून मग पट्टा. बुटांच्या खोक्यातून निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या फेकू नका, धोकटीत टाका. आषाढात एखाद्या वेळी तेल विसरलात, तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी पात्यावर तांबूस ठिपका दिसतो. तो पोटावर असेल तर तेलाच्या चिंधीने घासून निघतो. धारेवरच आला असेल तर चार हजाराच्या दगडापासून पुन्हा.